शिवूच्या दाढेवरचा लेप

वीस वर्षं टिकलेली वस्तू मी आजवर बघितलेली नाही. माझा संसार सव्वा वर्ष टिकला. गिरणीचा पट्टा दोन वर्षांत फाटतो. दगडांना दर महिन्याला टाकी लावावी लागते, नाहीतर पीठ गरम पडतं आणि गावातल्या बायका डबा आपटून माझ्याशी भांडतात. त्यामुळं शाळेतल्या शिबिरात दातांची डॉक्टरीण म्हणाली, ‘मावशी, हा लेप वीस वर्षं टिकतो,’ तेव्हा मी तोंडावरच विचारलं, ‘गॅरंटी कार्ड देताय का?’

ती हसली. मिरजेहून आली होती, रुबिना मुजावर नाव. तिशीची असेल, पण पोरांना हाताळायची कला होती तिच्यात. शिवूला खुर्चीत बसवून तिनं आधी मलाच समजावलं. सहाव्या-सातव्या वर्षी मागं ज्या दाढा येतात त्या आयुष्यभराच्या. त्यांच्या डोक्यावर बारीक भेगा असतात, ब्रशचा केस त्यात शिरत नाही, कीड तिथूनच लागते. म्हणून त्या भेगा लेपानं बुजवायच्या. पूर्वीचे लेप दोन-तीन वर्षांत निघायचे, कारण लावताना दाढ कोरडी ठाक लागते आणि सात वर्षांच्या पोराच्या तोंडाला पाणी सुटल्याशिवाय राहत नाही.

‘हा नवा लेप उलटा आहे,’ ती म्हणाली. ‘याला लाळ चालते. लाळेतलाच चुना ओढून घेतो आणि दर महिन्याला आणखी घट्ट होतो. वर्षभरात दात कुठला आणि लेप कुठला हे सांगता येत नाही.’

‘आणि ते तुमच्या हातातलं पेन कसलं?’

‘याच्या उजेडात लेप बघायचा. शाबूत आहे का, पोर गोड किती खातं, तंबाखूबिंबाखूची सवय लागलीय का, सगळं कळतं. सहा महिन्यांनी तपासणी, रिपोर्ट पालकांच्या मोबाइलवर.’

शाळेच्या वहीत पालक म्हणून धैर्यशीलरावांचा नंबर होता. मी बघितला आणि सोडून दिला. मला वाटलं, येऊ दे की त्यांना पण, बाप आहेत.

शिवू, म्हणजे शिवन्या, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. रेश्मा तापानं गेली तेव्हा पोर चौदा महिन्यांची होती. धैर्यशीलराव चाकणला बॅटरीच्या कारखान्यात, कधी ही पाळी तर कधी ती. पोर माझ्याकडं ठेवली ती ‘तात्पुरती’ म्हणून. तीन वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं. पल्लवी वाईट बाई नाही, हे कबूल करायला मला जड जातं, पण नाही. तरी शिवू माझ्याकडंच राहिली आणि तात्पुरती हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही. मी तर मुद्दाम काढला नाही. गिरणीमागच्या दोन खोल्यांत मी अकरा वर्षं एकटी राहिले होते, आणि एकटं राहणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘महिन्यातून एकदा बोट फिरवून बघत जा. कडा सुटली तर खरखरीत लागेल.’

महिन्यातून एकदा म्हणाल्या. मी रोज बघायची.

आता माझी सवय सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. मी मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी उजव्या हाताच्या बोटानं हिरड्यांवर घासत बसायचं. तेराव्या वर्षी दाढ दुखली म्हणून आईनंच लावली होती, ती सुटली नाही. सरकारनं दुकानात बंदी आणली तरी तंबाखूचं पान मिळायचंच. सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा. दुपारी गिरणी बंद असायची, तेव्हा शेजारच्या कट्ट्यावर आम्ही चार बायका बसायचो. एकीच्या डबीतून दुसरी घ्यायची. कुणाची सून कशी, कुणाच्या म्हशीनं लाथ कशी मारली. गावात माझी म्हणावी अशी माणसं तेवढीच. त्या पंधरा मिनिटांसाठी मी दिवस ढकलायची म्हटलं तरी चालेल.

डिसेंबरमध्ये फोन आला. गहू चालू होता, मी गिरणी थांबवली.

‘अक्का, शिवूला मिसरी लावता का तुम्ही?’ धैर्यशीलरावांनी ना राम राम केला, ना पोर कशी आहे विचारलं.

‘डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?’

‘रिपोर्ट आलाय. तंबाखू अकरा. घरातल्या धुरानं, वासानं तीनपर्यंत जातं म्हणे. त्याच्या वर लाल. आमचं लाल आलंय.’

‘मशीन चुकलं असेल.’

‘दोनदा बघितलं त्यांनी. अक्का, मिसरीपायी माझ्या आईचा जबडा काढला होता हो. तुम्ही दवाखान्यात भेटायला आला होता.’

आले होते. अर्धा चेहरा राहिला होता म्हातारीचा. मी म्हटलं, ‘मी पोरीला लावलेली नाही. रेश्माची शपथ.’ आणि फोन ठेवला.

मग सगळा राग शिवूवर निघाला. शाळेतून आली तशी दारातच तिला धरलं. ‘माझी डबी उघडलीस का? खरं सांग.’ ती म्हणाली, ‘नाही मावशी.’ मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मी हात उगारला. मारलं नाही, पण उगारला, आणि ती डोळे मिटून तशीच उभी राहिली. त्या दिवशी ती माझ्या हातचं जेवली, पण माझ्याकडं बघितलं नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिसरी लावली, चूळ भरली, हात नळाखाली धरला. शिवूनं दात घासले आणि रोजच्यासारखा माझ्यासमोर येऊन आ केला. राग विसरून आ केला बिचारीनं. मी बोट पुढं केलं आणि ते तिच्या ओठांपाशी थांबलं. नखाखाली काळी रेघ होती. पिठानं हात पांढरे होतात माझे, तरी ती रेघ जात नाही. रोज सकाळी त्याच बोटानं मी तिच्या दाढा चाचपत होते. लेप सुटू नये म्हणून, पोरीला कीड लागू नये म्हणून, सहा महिने एक दिवस चुकवला नव्हता.

मला माझी किळस आली. ‘मिट तोंड,’ एवढंच म्हणाले. तिला वाटलं मी अजून रागावलेलीच आहे.

त्याच दिवशी गिरणीला कुलूप लावून मिरजेला गेले. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, बोटसुद्धा दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, नाक मुरडलं नाही.

‘पोरीला व्यसन लागलेलं नाही, मावशी. पण रोज थोडं थोडं पोटात जाणंही बरं नव्हे. ते आजपासून बंद.’

‘बंदच केलंय. मला हे सांगा, लेपाला कळलं कसं?’

त्यांनी कागदावर दाढ काढली आणि तिच्यावर ठिपके ठिपके केले. लेपाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. टूथपेस्टमधलं फ्लोराइड त्यातून आत शिरतं, तोंड आंबट झालं की बाहेर येऊन दाताला वाचवतं. हे आतबाहेर रोज चालतं, म्हणून तर लेप एवढी वर्षं काम देतो. साखरेची खूणही अशीच येते आणि जाते. तंबाखूचं मात्र लेप बनवणाऱ्यांनी मुद्दाम वेगळं केलं होतं. लाळेतली तंबाखू आठवड्यात धुऊन जाते. मावा खाणारी दहा-बारा वर्षांची पोरं तपासणीआधी आठवडाभर बंद ठेवतील आणि सुटतील. म्हणून लेपानं ती धरून ठेवायची.

‘किती दिवस?’

‘प्रयोगशाळेत सहा महिन्यांत निम्मी उतरली होती. तोंडात काय होतं ते अजून कुणीच पुरतं बघितलेलं नाही. लेपच नवा आहे.’

निम्मी म्हणजे पाच-सहा. मी तेवढंच घेऊन घरी आले आणि चाकणला फोन लावला. बोटाची गोष्ट सांगितली.

‘म्हणजे तुमच्याकडूनच गेली,’ धैर्यशीलराव म्हणाले.

‘हो. माझ्याकडूनच. मुद्दाम नाही.’

‘आता काय करणार?’

‘सोडली मी. आजपासून.’

‘अक्का, तुम्ही मागं दोनदा सोडली होती.’ आवाज चढला नव्हता त्यांचा. ‘जूनला पुन्हा तपासणी आहे. आकडा खाली आला तर राहू दे तिला तिथं. तेवढाच राहिला, तर माझा विश्वास बसणार नाही. मी तिला घेऊन जाईन.’

सोडली म्हणायला एक दिवस लागतो. पहिल्या आठवड्यात डोकं एवढं दुखलं की भिंतीला टेकवून बसायची. पोट साफ होईना. बाजरीवर गहू ओतला एकदा, आणि पोतंभर पीठ मिसळून बसलं. ते पीठ ज्या बाईचं होतं ती भांडायला आली, तर तिच्याआधी मीच रडले. ती बिचारी घाबरून मलाच पाणी पाजत बसली. बडीशेप खाल्ली, लवंग चघळली. शिवू भिंतीवर पेन्सिलीनं रोज एक चौकोन काढायची आणि शाळेतून आल्यावर माझं बोट हुंगायची. ‘पास,’ म्हणायची. उलट तपासणी सुरू झाली होती आमच्या घरात.

सगळ्यांत अवघड गेला तो कट्टा. पहिल्या दिवशी तिथं जाऊन बसले, नुसती. डबी फिरत आली, मी पुढं सरकवली. ‘काय गं, देवाला सोडलीस का?’ एकीनं विचारलं. मी म्हटलं, पोरीपायी. सगळ्या चांगलं म्हणाल्या. पण तो भाजका वास आला आणि माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की मी उठून आले. चार दिवस असंच झालं. मग मी जायची बंद झाले. त्यांनीही दोन-तीनदा हाक मारली, मग तीही थांबली. दुपारी तीनला मी आतून कडी लावून बसायची. भिंतीपलीकडं त्यांचं हसणं ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. चौथीच्या जागी कुणीतरी दुसरी येऊन बसत होती. एवढी माणसं आजूबाजूला असून मला पोर शाळेतून येईपर्यंत बोलायला कुणी नव्हतं. पण मी डबीला हात लावला नाही. सहा महिने, एकदाही नाही. हे मी कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन.

जूनच्या शेवटी शिबिर आलं. डॉक्टरीणबाईंनी पेन लावलं, उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, पेन पुसून पुन्हा बघितलं. मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

‘अकरा,’ त्या म्हणाल्या.

‘मी लावली नाही हो.’

‘माहीत आहे मला. लावली असती तर सतरा-अठरा झाला असता. एवढासाही वाढलेला नाही.’

‘मग उतरला का नाही?’

त्यांना सांगायला अवघड जात होतं. लेप घट्ट होत होता त्याच महिन्यांत तंबाखू रोज थोडी थोडी आत गेली. मग लाळेतला चुना तिच्यावर चढत गेला. वरून झाकण बसलं. प्रयोगशाळेत लेप पाण्यात ठेवला होता, पाण्याला कुठला आलाय चुना? ‘ज्यामुळं लेप वीस वर्षं टिकतो, त्याच्यामुळंच हाही टिकणार, मावशी. आतली तंबाखू बाहेर येत नाही, तिचा पोरीला आता काही त्रास नाही. नुसती खूण आहे ती.’

त्यांनी माझ्यासमोर स्पीकरवर चाकणला फोन लावला. दहा मिनिटं समजावलं, वाढलेला नाही हे तीनदा सांगितलं. धैर्यशीलराव नीट बोलत होते. ‘डॉक्टर, तुम्ही त्यांच्या भल्याचंच सांगताय. पण आकडा तोच आहे ना? तुम्हाला तरी हे आधी माहीत होतं का?’ डॉक्टरीणबाईंनी नव्हतं म्हणून कबूल केलं आणि फोन ठेवला.

जुलैच्या पहिल्या रविवारी येतो म्हणाले ते. माझ्याकडं सहा दिवस होते.

सांगलीत एक दातांचा डॉक्टर हे लेप काढून देतो असं मला गिऱ्हाइकांतल्याच एकीनं सांगितलं. मावा खाणाऱ्या पोरांचे आईबाप नेतात म्हणे गुपचूप. लेप नसला तर रिपोर्ट येतो, ‘लेप आढळला नाही.’ ना लाल, ना हिरवा. मग धैर्यशीलरावांकडं तरी दाखवायला काय राहणार होतं? मी शिवूला घेऊन गेले.

‘दहा मिनिटांचं काम,’ तो डॉक्टर म्हणाला. ‘घासून काढतो.’

‘दाढेला काही होणार नाही ना?’

‘लेप दाताशी एकजीव झालेला असतो, त्याच्याबरोबर दाताचा वरचा थर जाणार. पुढं कीड लागली तर कॅप बसवू. आजकाल सगळे बसवतात.’

शिवू खुर्चीत बसली होती, पाय खाली पोचत नव्हते. तिला मी काही लपवलं नव्हतं. ‘काढू दे मावशी,’ ती म्हणाली. ‘दुखलं तरी मी रडणार नाही. मला चाकणला नाही जायचं.’

त्यानं यंत्र सुरू केलं. दगडाला टाकी लावताना कसा आवाज येतो ते मी आयुष्यभर ऐकलंय, हा त्याच्याहून बारीक होता, एवढंच. शिवूनं आ केला, डोळे घट्ट मिटले. मी हात उगारला होता तेव्हा मिटले होते तसेच. आणि मला माझा सगळा डाव उघडा दिसला. आठ वर्षांच्या पोरीच्या चार दाढा, आयुष्यभराच्या, मी घासून द्यायला निघाले होते. कशासाठी? तर मला दुपारी तीनला एकटं बसायला लागू नये म्हणून.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘नाही काढायचा.’

डॉक्टर वैतागला. मी शिवूला खुर्चीतून उतरवलं. एस.टी.त ती खिडकीकडं तोंड करून बसली. पलूस आल्यावर बोलली, तेही माझ्याकडं न बघता. ‘तुलाच मला ठेवून घ्यायचं नाही.’

मी तिला समजावलं नाही. काय समजावणार होते? दाढ तुझी आणि हौस माझी, हे आठ वर्षांच्या लेकराला कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. आजही येत नाही.

रविवारी दोघं आले. पल्लवीनं माझ्यासाठी साडी आणली होती. शाळेचा दाखला, कपड्यांच्या दोन पिशव्या. शिवू गाडीत बसताना मला बिलगली नाही, पण गाडी वळेपर्यंत मागच्या काचेतून बघत होती.

त्यानंतरचं काही सांगण्यासारखं नाही. गिरणी चालू होती. कट्ट्यावर परत जाऊन बसता आलं असतं, आता कुणासाठी पाळायचं होतं? एकदा उठलेही. पण शिवू कधीतरी दिवाळीला आली आणि बोट हुंगलं तर, म्हणून परत बसले. दिवाळीला ते लोक पल्लवीच्या माहेरी गेले.

डिसेंबरमध्ये धैर्यशीलरावांचा फोन आला. या खेपेला राम राम केला त्यांनी.

‘अक्का, इथल्या शाळेत तपासणी झाली.’

‘बरं.’

‘अकराच आहे. आमच्या घरात तंबाखूचं नखसुद्धा नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी अकराच.’ मग म्हणाले, ‘तुम्ही खरं सांगत होता. मी ऐकलं नाही. चुकलं माझं.’

एवढं ऐकायला मी सहा महिने जीव टाकत होते. ऐकलं आणि काही झालं नाही. मी लगेच विचारलं, कारण विचारलं नसतं तर धीर झाला नसता. ‘मग पाठवता का तिला?’

पलीकडं कुकरची शिट्टी वाजली. पल्लवी कुणाला तरी हात धुवायला सांगत होती.

‘रुळली हो ती आता,’ धैर्यशीलराव म्हणाले. खरंच वाईट वाटत होतं त्यांना, आवाजात कळत होतं. ‘पोहायला जाते. मैत्रिणी झाल्यात. पल्लवीला आई म्हणायला लागलीय, आपणहून. आता परत उचलून तिकडं आणली तर... तुम्हीच सांगा अक्का.’

मलाच सांगा म्हणाले. मी सांगितलं, ‘नका हलवू.’ दुसरं काय सांगणार होते? खुर्चीतून उतरवली तेव्हाच सांगून झालं होतं माझं.

फोन ठेवायच्या आधी मी एक मागितलं. रिपोर्टच्या अर्जावर दुसऱ्या नंबराची जागा असते, डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या. तिथं माझा नंबर घाला. त्यांनी कशाला असं विचारलं नाही. त्याच दिवशी घातला.

चार वाजता मेसेज आला. मी दळण अर्धं टाकून बाहेर आले आणि उजेडात धरून वाचला. शिवन्या धैर्यशील साळुंखे, इयत्ता तिसरी. लेप शाबूत, चारही दाढा. कीड नाही. साखर मागच्यापेक्षा कमी. तंबाखू अकरा.

लेपाची अजून साडेअठरा वर्षं आहेत. वर्षातून दोनदा म्हणजे सदतीस मेसेज येतील. शेवटचा येईल तेव्हा मी सत्तरीची असेन आणि शिवू सत्तावीस वर्षांची. कदाचित तिचं लग्न झालेलं असेल, कदाचित परदेशात असेल, गिरणीवाली मावशी म्हटल्यावर तिला आठवायला वेळ लागेल. साखर वर-खाली होईल. फ्लोराइड येईल आणि जाईल. अकरा तेवढा राहील. त्या पोरीजवळ माझं म्हणून एवढंच उरलंय, आणि ते लाल अक्षरांत येतं.